बर्गन गोठत नाही, नेन गोठतं: यात सागरी प्रवाहाचा वाटा किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नॉर्वेतलं बर्गन ६० अंश उत्तरेला, तरी जानेवारीत तिथे बर्फापेक्षा पाऊसच जास्त. कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावरचं नेन त्याच्या जवळजवळ चार अंश दक्षिणेला, तरी तिथला समुद्र जूनपर्यंत बर्फाने भरलेला. हे सगळं गल्फ स्ट्रीम या अटलांटिकमधल्या उबदार प्रवाहामुळे, असं शाळेत शिकवलं. ते खरं का? आणि हा प्रवाह थांबला तर युरोपचे किनारे लॅब्राडोरसारखे होतील का?

शाळेत शिकवलं ते खोटं नाही. पण तो उत्तराचा एक तुकडा आहे, आणि तो सगळ्यांना इतका पाठ झालाय की उरलेल्या उत्तराकडे कोणी वळून बघत नाही. मी वीसेक हिवाळे मालवाहू जहाजांवर डेक ऑफिसर म्हणून उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकमध्ये काढले. नंतर हवामान बघून जहाजांचे मार्ग आखून देण्याचं काम केलं, अजूनही करतो. या कामात नकाशावरच्या लाल आणि निळ्या बाणांवर भरवसा ठेवून चालत नाही. कुठल्याही उत्तरेकडच्या किनाऱ्याचा हिवाळा समजून घ्यायचा असेल तर मी आधी वारा बघतो, मग समुद्राचं तापमान, मग पाण्यातलं मीठ. प्रवाहाचा नंबर त्यानंतर लागतो. काही ठिकाणी मात्र तोच सगळ्या गोष्टींचा निकाल लावतो. ती ठिकाणं कुठली, हे सांगण्यासाठीच हे एवढं लांब उत्तर.

आधी प्रवाह पूर्ण विसरून जा आणि नुसता समुद्र डोळ्यांसमोर आणा, जागच्या जागी उभा असलेला. एक घनमीटर पाणी एक अंशाने थंड होताना जेवढी उष्णता सोडतं, तेवढ्यात तीन हजारांहून जास्त घनमीटर हवा एक अंशाने तापते. वेगळ्या शब्दांत, समुद्राच्या वरच्या जेमतेम अडीच मीटर पाण्यात जेवढी उष्णता मावते, तेवढीच त्याच्या डोक्यावरच्या सगळ्या वातावरणात मावते. आणि हिवाळ्यात समुद्र अडीच मीटरवर थांबत नाही. वरचं पाणी थंड झालं की जड होऊन खाली जातं, खालचं वर येतं, वारा घुसळत राहतो. उत्तर अटलांटिकमध्ये ही घुसळण शंभर-दोनशे मीटर सहज जाते, काही भागांत त्याच्याही कितीतरी खाली. जमिनीत उन्हाळ्याची ऊब काही मीटरपलीकडे उतरतच नाही, त्यामुळे नोव्हेंबर येईपर्यंत जमिनीची शिल्लक संपलेली असते. समुद्राची फेब्रुवारी-मार्चपर्यंत पुरते.

याचा परिणाम किती मोठा असतो? फेरो बेटांवरचं टोर्सहाव्न आणि सायबेरियातलं याकुत्स्क दोन्ही ६२ अंशांवर आहेत. टोर्सहाव्नची जानेवारीची सरासरी अधिक ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, याकुत्स्कची उणे ४० च्या जवळ. याची किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते: टोर्सहाव्नमध्ये जुलैची सरासरी ११ अंशांच्या आसपासच राहते, याकुत्स्कमध्ये चांगलं ऊन तापतं. खुल्या समुद्राकाठच्या गावांत सगळ्यात थंड महिना बऱ्याचदा फेब्रुवारी असतो आणि वसंत रेंगाळत येतो, तोही याच कारणाने. समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो.

आता तुम्ही म्हणाल, समुद्र तर नेनलाही आहे. आहेच. पण वारा तिकडून येत नाही.

उत्तरेच्या मधल्या अक्षांशांत हिवाळ्याचे मुख्य वारे पश्चिमेकडून वाहतात. त्यामुळे खंडाच्या पश्चिम किनाऱ्याला हजारो किलोमीटर समुद्रावरून आलेली हवा मिळते आणि पूर्व किनाऱ्याला हजारो किलोमीटर गोठलेल्या जमिनीवरून आलेली. पूर्व किनाऱ्यावर समुद्र दाराशी असूनही त्याची ऊब दाराबाहेरूनच निघून जाते. हे पारखून घ्यायला अटलांटिक सोडून पॅसिफिककडे बघा. अलास्कातलं सिटका आणि लॅब्राडोरमधलं नेन, दोन्ही साधारण ५७ अंशांवर, एकाच खंडाच्या दोन कुशींना. सिटकाची जानेवारीची सरासरी शून्याच्या वर एक-दोन अंश, नेनची उणे १७ च्या आसपास. पॅसिफिकच्या दोन काठांची तुलना केली तरी हेच चित्र. व्लादिवोस्तोक ४३ अंशांवर, म्हणजे भूमध्य समुद्रावरच्या मार्सेच्या रेषेत. पण तिथे जानेवारीत उणे १२ आणि बंदरात बर्फफोडी जहाजं, तर मार्सेत अधिक ७. व्लादिवोस्तोकला सायबेरियाचा वारा अंगावर घ्यावा लागतो, त्यापुढे समोरच्या समुद्राचं काही चालत नाही.

सिटकाचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. उत्तर अटलांटिकमध्ये खारं पाणी थंड होऊन तळाकडे बुडतं आणि त्याच्या जागी दक्षिणेकडून उबदार पाणी ओढलं जातं, हे वर्णन तुम्ही वाचलं असेल. उत्तर पॅसिफिकमध्ये असं खोल बुडणं होत नाही, तिथलं वरचं पाणी त्यासाठी पुरेसं खारंच नाही. तरीही सिटकाचा हिवाळा सौम्य आहे. म्हणजे त्या खोल फेऱ्याशिवायही पश्चिम किनारा उबदार राहू शकतो.

सगळं श्रेय गल्फ स्ट्रीमला देण्याची सवय मुख्यतः मॅथ्यू मोरी या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याकडून आली. १८५५ मध्ये आलेल्या त्याच्या समुद्रविषयक ग्रंथात त्याने हा प्रवाह म्हणजे घर गरम करणाऱ्या गरम पाण्याच्या नळांसारखी व्यवस्था आहे, असं चित्र रंगवलं. चित्र इतकं झकास होतं की दीडशे वर्षं पाठ्यपुस्तकांत टिकलं. मोरीबद्दल मला आदरच आहे. हजारो जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून त्याने वाऱ्यांचे आणि प्रवाहांचे नकाशे बनवले, आमचा धंदा त्या कामावर उभा आहे. पण उष्णतेचा हिशोब मांडायची साधनं त्याच्याकडे नव्हती.

तो हिशोब २००२ मध्ये रिचर्ड सीगर, डेव्हिड बॅटिस्टी हे हवामानशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकी प्रारूपांवर मांडला, आणि बरीच खळबळ उडाली. त्यांचं म्हणणं असं की पश्चिम युरोप आणि पूर्व उत्तर अमेरिका यांच्या हिवाळ्यात जो पंधरा-वीस अंशांचा फरक दिसतो, त्यात प्रवाहांनी वाहून आणलेल्या उष्णतेचा वाटा लहान आहे. मोठा वाटा दोन गोष्टींचा. एक, समुद्राने उन्हाळ्यात साठवलेली आणि हिवाळ्यात सोडलेली ऊब. दुसरी कोणाच्या मनात येणार नाही अशी: उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेचा रॉकी पर्वत. पश्चिमेचे वारे ही भिंत ओलांडताना वाकतात. पर्वताच्या पूर्वेला ते दक्षिणेकडे वळून आर्क्टिकची हवा अमेरिकेच्या पूर्व भागावर ओततात, मग अटलांटिकवर पुन्हा उत्तरेकडे वळून नैर्ऋत्येची मऊ, दमट हवा युरोपवर नेतात. या पर्वतामुळे वातावरणात एक लाट जागच्या जागी उभी राहते, हिवाळाभर. नेनचा गारठा आणि आयर्लंडचा ओलसर हिवाळा, हे त्याच लाटेचे दोन भाग.

या मांडणीवर वाद झाले, अजून होतात. विरोधकांचा एक मुद्दा मला पटतो. समुद्राने ‘साठवलेली’ आणि प्रवाहाने ‘आणलेली’ उष्णता अशी सरळ फाळणी करता येत नाही. हिवाळ्यात समुद्र जेवढं गमावतो तेवढं सगळं उन्हाळ्याच्या सूर्याने तिथल्या तिथे भरून निघत नाही, विशेषतः उत्तरेला. तूट दक्षिणेकडून येणारं पाणी भरून काढतं. स्कॉटलंडच्या दक्षिणेला ही तूट लहान असते, आणि जितकं उत्तरेला जावं तितकी वाढते. सीगर आणि मंडळींनीही नॉर्वेचा उत्तर किनारा अपवाद म्हणून बाजूला ठेवलाच होता.

म्हणून माझं स्वतःचं मत असं: लंडनच्या हिवाळ्याबद्दल बोलताना प्रवाहाला जरा मागे बसवा. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ट्रोम्सोबद्दल बोलताना त्याला पुढच्या रांगेत आणा.

एक नाव नीट लावून घेऊ. नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून जाणारा प्रवाह गल्फ स्ट्रीम नव्हे. गल्फ स्ट्रीम फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून निघतो तेव्हा सेकंदाला सुमारे ३ कोटी घनमीटर पाणी घेऊन निघतो. समुद्रशास्त्रात दर सेकंदाला १० लाख घनमीटर याला एक स्वेर्ड्रुप म्हणतात, म्हणजे हे ३० स्वेर्ड्रुप झाले. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात ओततात ते जेमतेम एक-सव्वा स्वेर्ड्रुप. पुढे आजूबाजूचं पाणी मिसळून हा आकडा शंभरीपार जातो, आणि मग त्यातलं बहुतेक पाणी वळून दक्षिणेकडेच परततं. एक फाटा ईशान्येला निघतो, तो उत्तर अटलांटिक प्रवाह. त्यातलं ग्रीनलंड ते स्कॉटलंड या समुद्राखालच्या कण्यावरून पलीकडे उतरणारं पाणी सुमारे ८ स्वेर्ड्रुप, आणि तिथून नॉर्वे-रशियाच्या उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रात शिरणारं दोनेक. म्हणजे आरंभीच्या अजस्र प्रवाहाचा लहानसा भाग. पण तो जातो कुठे ते बघा.

रशियातलं मुरमान्स्क जवळजवळ ६९ अंशांवर आहे, आर्क्टिक वर्तुळाच्या आत. अर्खांगेल्स्क त्याच्या साडेचार अंश, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटर दक्षिणेला. शहाण्या माणसाने हिवाळी बंदर कुठे बांधावं? नकाशा बघून दक्षिणेला. प्रत्यक्षात अर्खांगेल्स्कचा श्वेत समुद्र हिवाळ्याचे महिने गोठलेला असतो आणि मुरमान्स्कचं बंदर जवळजवळ कायम खुलं. पहिल्या महायुद्धात रशियाला हिवाळ्यात चालणारं बंदर हवं होतं म्हणून १९१६ मध्ये हे शहर वसवलं गेलं. दुसऱ्या महायुद्धातही मित्रराष्ट्रांची रसद उन्हाळ्यात अर्खांगेल्स्कला आणि हिवाळ्यात मुरमान्स्कला जात होती. इथे वाऱ्याचं किंवा पर्वताचं स्पष्टीकरण अपुरं पडतं. दोन्ही बंदरं एकाच हवेत श्वास घेतात, फरक पाण्याचा आहे. मुरमान्स्कसमोर अटलांटिकचं खारं, उबदार पाणी पोचतं. श्वेत समुद्राच्या अरुंद तोंडातून ते आत शिरत नाही, आणि नद्यांचं गोडं पाणी मात्र भरपूर येतं.

एका देशातलंच उदाहरण हवं असेल तर ओस्लो आणि ट्रोम्सो घ्या. ट्रोम्सो जवळजवळ दहा अंश उत्तरेला. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही. तरी दोन्ही शहरांची जानेवारीची सरासरी जवळपास सारखी, शून्याखाली दोन-चार अंश. ओस्लो फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत लांबवर शिरलेल्या अरुंद खाडीच्या, आतल्या टोकाला आहे, महासागरापासून दूर. ट्रोम्सोसमोर भर हिवाळ्यात पाणी चार-पाच अंशांवर असतं.

मुरमान्स्कमध्ये मात्र ‘उबदार’ हा शब्द जपून वापरावा. जानेवारीची सरासरी उणे दहाच्या आसपास असते. धक्क्याला लागलेल्या जहाजाचे दोर लाकडासारखे ताठ झालेले आणि खाली पाणी मात्र हलतंय, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ कठड्याला टेकून नुसता बघत राहिलो होतो. नंतर इंजिन रूमने समुद्राच्या पाण्याचं तापमान कळवलं, ते अधिक होतं. हवा आणि पाणी यांच्यात वीस अंशांची तफावत.

आता मीठ. हा भाग लोक वगळतात, आणि माझ्या मते यातच सगळ्यात जास्त गंमत आहे.

गोडं पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं. तळं थंड होताना चार अंशांपर्यंत वरचं पाणी बुडत राहतं, त्यानंतरचं अधिक थंड पाणी हलकं म्हणून वरच राहतं आणि पटकन गोठतं. समुद्राचं तसं नाही. क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, दर हजारी २४.७ च्या वर गेली की पाणी गोठेपर्यंत जड होतच जातं. महासागराची क्षारता ३५ च्या आसपास, गोठणबिंदू उणे १.८. म्हणजे पृष्ठभागावर बर्फ धरण्याआधी खालपर्यंतचा मोठा थर त्या तापमानाला आणावा लागतो. खोल आणि सारख्या खाऱ्या समुद्रात हिवाळ्याला तेवढा वेळच मिळत नाही. पण वर गोड्या पाण्याचं पातळ झाकण असेल तर तेवढं झाकण थंड केलं की काम झालं. खालच्या पाण्यात ऊब असली तरी तिला वर यायला वाट नाही.

हे एकदा लक्षात आलं की नकाशावरची बरीच कोडी सुटतात. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या बोथ्नियाच्या आखाताचं उत्तर टोक दर हिवाळ्यात का गोठतं? तिथली क्षारता दर हजारी दोन ते चार, जवळजवळ तळंच. नॉर्वेच्या फ्योर्डचं तोंड खुलं आणि आतलं टोक, जिथे नदी मिळते, तिथे बर्फ, हे कशामुळे? अलास्कात वाल्डेझचं बंदर बाराही महिने खुलं आणि जवळच्याच कुक इनलेटमध्ये बर्फाचे तुकडे फिरतात, ते का? प्रत्येक वेळी आधी विचारा, गोडं पाणी कुठून येतंय. रशियाच्या पूर्वेकडच्या ओखोत्स्क समुद्रात आमूर नदी प्रचंड पाणी ओतते, वर सायबेरियाचा वारा, त्यामुळे तिथे बर्फ धरतो आणि सखालिन बेटाच्या पूर्वेचा थंड प्रवाह तो दक्षिणेला वाहून नेतो. जानेवारीच्या उत्तरार्धात हा तरंगता बर्फ जपानच्या होक्काइदो बेटावर आबाशिरीच्या किनाऱ्याला लागतो. आबाशिरी ४४ अंशांवर आहे, इटलीतल्या जेनोवाच्या रेषेत.

झाकणाचा खेळ महासागराच्या पातळीवरही चालतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आर्क्टिकमधून नेहमीपेक्षा जास्त बर्फ आणि गोडसर पाणी पूर्व ग्रीनलंडच्या काठाने खाली आलं. १९६५ ते १९७१ या वर्षांत आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्री बर्फ येऊन थडकत होता, १९६८ मध्ये तर फारच. आणि मग ते हलकं पाणी ग्रीनलंडला वळसा घालून लॅब्राडोर समुद्रात पोचलं, तेव्हा तिथली हिवाळ्यातली खोल घुसळण दोन-तीन हिवाळे जवळजवळ बंद पडली. समुद्रशास्त्रज्ञ याला महाक्षारता-विसंगती म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट साधी: झाकण एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकत गेलं.

डेव्हिस सामुद्रधुनीच्या दोन काठांवर हे सगळं एकत्र दिसतं. ग्रीनलंडच्या बाजूला नूक, ६४ अंश. कॅनडाच्या बाजूला इकालुइट, ६४ ला जरा कमी. नूकच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जाणाऱ्या पश्चिम ग्रीनलंड प्रवाहात अटलांटिकच्या पाण्याचा अंश असतो, बंदर हिवाळाभर खुलं आणि जानेवारीची सरासरी उणे आठच्या आसपास. समोरच्या काठावरून आर्क्टिकचं थंड, कमी खारं पाणी खाली येतं, तोच पुढे लॅब्राडोर प्रवाह होतो. इकालुइटचं आखात गोठलेलं आणि जानेवारी उणे पंचवीसच्याही खाली.

लॅब्राडोर प्रवाहाबद्दल दोन शब्द. थंड प्रवाह हवा थंड करतो, असं सरसकट म्हणतात. हिवाळ्यात हे तितकंसं खरं नाही. नेनला येणारा वारा त्या पाण्यापेक्षा कितीतरी थंड असतो; पाणी उणे दीडच्या खाली फार जाऊच शकत नाही. प्रवाहाचं खरं काम म्हणजे बर्फ आणणं आणि टिकवणं. एकदा समुद्रावर बर्फाची चादर आली की समुद्र हवामानाच्या दृष्टीने जमीन होतो, खालची ऊब वर पोचत नाही. शिवाय हा बर्फ वसंतात किनाऱ्याला चिकटून राहतो. न्यूफाउंडलंडचं सेंट जॉन्स साडेसत्तेचाळीस अंशांवर, पॅरिसच्याही दक्षिणेला. तिथला एप्रिल-मे कसा असतो ते तिथे थांबलेल्या कुठल्याही खलाशाला विचारा.

लॅब्राडोरचं पाणी आणि गल्फ स्ट्रीम जिथे खेटतात, ती सीमा म्हणजे आमच्या बोलण्यातली ‘कोल्ड वॉल’. १९२२ मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाचं टँपा हे जहाज तिच्यावर आडवं उभं राहिलं तेव्हा जहाजाच्या पुढच्या टोकाशी पाणी साधारण १ अंश होतं आणि मागच्या टोकाशी १३. जहाजाची लांबी अवघी ७३ मीटर. मी इतकी धारदार सीमा कधी पाहिली नाही, पण दुपारच्या पहाऱ्यात अंगातला जाड कोट काढावा लागला आणि पाठोपाठ समुद्राचा निळा रंग बदलून गडद झाला, हे अनुभवलंय. हिवाळ्यात इतक्या जवळजवळ असलेली थंड आणि उबदार हवा म्हणजे वादळांना तयार इंधन. हॅटेरास भूशिराच्या आसपास, जिथे गल्फ स्ट्रीम अमेरिकेचा किनारा सोडतो, तिथे जन्मणारी वादळं किनाऱ्याने वर सरकतात आणि बोस्टनपासून हॅलिफॅक्सपर्यंत हिम टाकत जातात. कॅनडाहून आलेली कोरडी थंड हवा या पाण्यावर पसरते तेव्हा समुद्र दर चौरस मीटरला हजार वॉटपेक्षाही जास्त उष्णता सोडतो. भर दुपारी डोक्यावरचा सूर्य जमिनीला साधारण तेवढी देतो. म्हणजे त्या उबदार प्रवाहाची बरीचशी ऊब युरोपचं तोंडही न बघता तिथेच हवेत जाते.

तेव्हा उबदार पाणी म्हणजे सुखाचा हिवाळा, हे समीकरण डोक्यातून काढा. याचा उत्तम नमुना जपानचा पश्चिम किनारा. त्सुशिमा हा कुरोशिओचा, म्हणजे पश्चिम पॅसिफिकमधल्या मोठ्या उबदार प्रवाहाचा, फाटा जपानच्या समुद्रात उबदार पाणी आणतो. वरून सायबेरियाची कोरडी हवा येते. काही शे किलोमीटरच्या प्रवासात ती खालून तापते, ओली होते, ढगांच्या लांब रांगा बनतात आणि समोर डोंगर येताच सगळं ओझं खाली. जोएत्सु शहरातल्या ताकादा इथे, अथेन्सच्याही दक्षिणेच्या अक्षांशावर, फेब्रुवारी १९४५ मध्ये जमिनीवर ३७७ सेंटिमीटर हिम साचलं होतं. इबुकी डोंगरावर फेब्रुवारी १९२७ मध्ये ११.८२ मीटर. डोंगरापलीकडे टोकिओत त्याच दिवसांत कोरडी हवा आणि स्वच्छ ऊन. हा उबदार प्रवाह नसता तर त्या किनाऱ्यावर थंडी जास्त आणि हिम कमी पडलं असतं.

नॉर्वेच्या उत्तरेला याच तफावतीतून ध्रुवीय लघुवादळं उठतात. बर्फाच्या कडेवरून निघालेली हवा खुल्या पाण्यावर आली की काही तासांत काहीशे किलोमीटरचं भोवरं तयार होतं, दिवस-दोन दिवसांत संपतंही. उपग्रह येण्याआधी ती कोणाला आधी दिसायचीच नाहीत. आणि बर्फाळ वाऱ्यात उडालेले तुषार डेकवर, दोरांवर, कठड्यांवर गोठत जातात तेव्हा वरचं वजन वाढून जहाजाचा तोल ढळतो. लहान मच्छीमार बोटी यामुळे उलटल्या आहेत. आम्ही लाकडी हातोडे घेऊन तासन्‌तास बर्फ फोडायचो. पाणी गोठलेलं असतं तर तुषार उडालेच नसते!

मार्ग आखताना मी एक ठोकताळा वापरतो, तो किनाऱ्यावर राहणाऱ्यालाही उपयोगी आहे. समुद्राचं तापमान आणि साधारण दीड किलोमीटर उंचीवरच्या हवेचं तापमान यांत १३ अंशांहून जास्त फरक असेल आणि वारा समुद्रावरून पुरेसं अंतर कापून येत असेल, तर सरींची तयारी ठेवावी. त्या हिमाच्या की पावसाच्या, हे बऱ्याचदा किनाऱ्यापासूनच्या काही किलोमीटरांवर ठरतं. धक्क्यावर पाऊस आणि गावामागच्या टेकडीवर हिम, असं चित्र बर्गनच्या परिसरात नेहमीचंच.

वाऱ्याला मी पहिला नंबर का देतो, ते डिसेंबर २०१० ने दाखवून दिलं. अझोर्सवरचा उच्च दाब आणि आइसलंडजवळचा कमी दाब यांच्या ओढाताणीवर युरोपचे पश्चिमी वारे चालतात. त्या महिन्यात ती व्यवस्था उलटीपालटी झाली, उत्तर आणि पूर्वेची हवा ब्रिटनवर आली, आणि मध्य इंग्लंडच्या १६५९ पासूनच्या तापमाननोंदीत १८९० नंतरचा सगळ्यात थंड डिसेंबर नोंदला गेला. सरासरी शून्याच्या खाली. समुद्र जागेवरच होता. फक्त वारा तिकडून येत नव्हता. यातही एक गुंता आहे, तो लपवत नाही: २६.५ अंश उत्तरेला २००४ पासून अटलांटिकच्या उलटापालट फेऱ्याची (उबदार पाणी वरून उत्तरेला, थंड पाणी खोलातून दक्षिणेला) सतत मोजणी होते, सरासरी सुमारे १७ स्वेर्ड्रुप. २००९-१० मध्ये तो वर्षभर जवळजवळ ३० टक्क्यांनी मंदावला होता. मुख्य कारण वाऱ्यातला बदल. समुद्रानेही त्या थंडीला थोडा हातभार लावला का, यावर लोक अजून भांडतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, थांबला तर काय. गल्फ स्ट्रीम थांबणार नाही. तो बव्हंशी वाऱ्याच्या जोरावर आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे चालतो. मंदावू शकतो तो वर सांगितलेला उलटापालट फेरा, ज्याच्यामुळे उबदार पाण्याचा फाटा नॉर्वेपर्यंत ओढला जातो. ग्रीनलंडचं वितळलेलं पाणी आणि वाढता पाऊस वर गोडं झाकण घालतात. यंत्रणा तीच, आबाशिरीची आणि आइसलंडची, फक्त प्रमाण मोठं. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालानुसार या शतकात हा फेरा कमकुवत होणं अतिशय संभाव्य आहे, आणि २१०० च्या आधी तो अचानक कोसळणार नाही असा मध्यम विश्वास. ‘मध्यम’ हा शब्द तिथे विचारपूर्वक घातलेला आहे, आणि त्यानंतर आलेल्या काही अभ्यासांनी काळजी वाढवलीच आहे.

तो खरंच कोसळला तर बर्गन नेन होणार नाही. रॉकी पर्वत जागेवर राहील, पश्चिमेचे वारे समुद्रावरूनच येतील, समुद्र उन्हाळ्याची ऊब साठवत राहील. पोर्तुगालपासून आयर्लंडपर्यंत हिवाळे जास्त थंड आणि जास्त वादळी होतील. लॅब्राडोरसारखं काही बघायचं असेल तर ते वर, जिथे हिवाळ्यातली तूट प्रवाहावाचून भरून निघत नाही तिथे: समुद्री बर्फाची कड दक्षिणेला सरकली आणि तिच्या मागे किनारा गेला, तर तिथल्या हिवाळ्याच्या हवेत मोठा फरक पडू शकतो. सगळ्यात आधी मुरमान्स्कच्या बंदरात कळेल, लंडनमध्ये नाही.